सरकारी हिशेबात आमचा धाकटा बेकार नाही

परवा अकरावीतल्या पुतणीला अर्थशास्त्र शिकवायला बसलो. धडा बेरोजगारीचा. हंगामी, छुपी, चक्रीय, घर्षणात्मक... पोरगी म्हणाली, "काका, प्रत्येकाचं वेगळं उदाहरण सांगा ना."

लांब कशाला जायचं? धाकटा चुलतभाऊ ओसरीवरच मोबाइल बघत पडला होता.

मेकॅनिकलचा डिप्लोमा. चाकणला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला, 7 महिन्यांनी 'ब्रेक' दिला. दीड महिना मित्राच्या खोलीवर राहून गेटोगेट बायोडाटा वाटला. ही घर्षणात्मक. दुसरीकडे चिकटला, तिथं ऑर्डरी घटल्या आणि कंत्राटी पोरं आधी बाहेर. ही चक्रीय. मग गाव. आता 3 एकर हरभऱ्यात चौघं राबतात. स्प्रिंकलरचे पाइप हलवायला दोघं पुरतात, तिसरा मोटारीवर आणि चौथा बांधावर बसून लाइट गेली की ओरडतो. चौथा म्हणजे हाच. त्याला उठवून घरी पाठवलं तरी हरभरा पायलीभरही कमी व्हायचा नाही. ही छुपी.

पण ऑक्टोबरात याच रानात सोयाबीन काढायला माणूस मिळेना, गुत्त्याचा भाव रोज चढत होता. तेव्हा हा बिनकामाचा नव्हता बरं का! म्हणजे यात थोडी हंगामीही आली.

आता सर्वेक्षणवाला आला तर? साप्ताहिक स्थितीच्या मोजणीत मागच्या 7 दिवसांत कुठल्याही एका दिवशी 1 तास काम केलं असलं की माणूस रोजगारात. घरच्या शेतात बिनपगारी राबला तरी चालतं. म्हणजे हा बेकार नाहीच. मोजणाऱ्यांचं चुकतं असं नाही, व्याख्याच तशी आहे. पण त्या टक्केवारीवर टीव्हीवर पाठ थोपटून घेताना बघितलं की डोकं फिरतं.

आणखी एक राग आहे. छुपी बेकारी म्हटलं की आपल्याकडे शेतकऱ्याचंच नाव. हा शब्द 1936 साली केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन बाईंनी मांडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर होता मंदीत काम सुटलेला, लंडनच्या रस्त्यावर काडेपेट्या विकणारा माणूस. तोही पोटापुरतं काहीतरी करत होता, म्हणून बेकारांत दिसत नव्हता. आमच्या धाकट्याची काडेपेटी म्हणजे तो बांध. शेतीवर माणसं जास्त झाली म्हणतात. यातली किती गेटवरून परत आलीत, ते कोण विचारतो?

पोरीनं वही उघडली. "मग पेपरात कुठला प्रकार लिहू?"

ओसरीवरून आवाज आला, "2 मार्काला असला तर छुपी लिही. 5 मार्काला असला तर मला बोलव."