सिझरच्या सुईने कण्याचं आवरण कायमचं सुजतं? नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: सिझरच्या वेळी भुलीची सुई थेट मज्जारज्जूत टोचतात, त्याने आवरणाला कायमची सूज येते, तिला अरॅक्नॉइडायटिस म्हणतात, बाळंतिणीची कंबर दुखते ती त्यामुळेच. ही सूज म्हणे एमआरआयमध्ये दिसत नाही, पण नस बसवून गरम वाळूचा शेक घेतला की महिन्यात बरी होते.

आजार खरा आहे आणि तो झालेल्यांचे हाल फार होतात. म्हणूनच त्याच्या नावावर काहीही पसरवू नये.

सुई मज्जारज्जूत जात नाही. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या फटीत टोचतात. तिथे पाण्यासारख्या द्रवात फक्त नसांची मुळं असतात, रसातल्या शिरवाळ्यांसारखी सुटी. सुई बारीक, 25 ते 27 गेजची. बधिर करणारं औषध बहुतेकदा 0.5 टक्के हेवी ब्युपिव्हॅकेन, साधारण 2 मिली. यानंतर अरॅक्नॉइडायटिस झाल्याच्या नोंदी आहेत, पण अत्यंत दुर्मीळ. पाठीला लावलेलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक पूर्ण सुकल्यावरच सुई टोचायची, हा नियम त्याचसाठी आहे. त्याचा अंशही आत जाता कामा नये.

सुईनंतर प्रत्यक्षात होऊ शकते ती डोकेदुखी: बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. ती पहिल्या काही दिवसांतच सुरू होते आणि तिच्यावर उपचार आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना जरूर कळवावं.

बाळंतिणीच्या कंबरदुखीची कारणं वेगळी. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटाचे कमजोर स्नायू, वाकून पाजणं, आणि लगेच विहिरीवरून हंडे उचलणं नाहीतर लावणीला वाकणं. सुई न घेता बाळंत झालेल्यांचीही कंबर दुखते, हे घरोघरी दिसतं.

अरॅक्नॉइडायटिसचं दुखणं असं नसतं. अनेकदा दोन्ही पायांत आग होते, करंट बसल्यासारख्या कळा येतात, मुंग्या, वांब. फार वेळ बसवत नाही, उभं राहवत नाही. पुढे लघवी-शौचावरचा ताबाही जाऊ शकतो. त्यामागे बहुधा कण्याच्या वारंवार झालेल्या शस्त्रक्रिया, मेंदूज्वर, आवरणाखालचा रक्तस्राव, किंवा पूर्वी मायलोग्रामसाठी, म्हणजे कण्याच्या खास एक्स-रेसाठी, कण्यात सोडलेला तेलकट डाय असतो. आपल्याकडे टीबी हे मोठं कारण, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजनात घट असेल तर आधी टीबीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती आणि औषधं मोफत आहेत.

एमआरआयमध्ये दिसत नाही, हेही खरं नाही. आडव्या छेदांच्या टी-2 (एमआरआयचा एक प्रकार) प्रतिमांत नसांची मुळं एकमेकांना चिकटून मध्ये गोळा झालेली दिसतात, किंवा ती भिंतीला चिकटल्याने आवरणाची पिशवी रिकामी भासते. मात्र फक्त उभे छेद काढले तर निसटू शकतं. पूर्वीच्या शस्त्रक्रियांची कागदपत्रं रेडिओलॉजिस्टना आधीच द्या.

महिन्यात बरी होते, हा दावा सगळ्यात क्रूर. चिकटलेली मुळं मालिशने सुटत नाहीत. शस्त्रक्रियेने सोडवली तरी बहुधा पुन्हा चिकटतात. उपचार वेदना आटोक्यात ठेवण्यासाठी असतो: गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन, कमी डोसपासून हळूहळू वाढवत, आणि सोबत सौम्य व्यायाम. ही औषधं एकदम बंद करू नयेत.

नस बसवणाऱ्याकडे तर जाऊच नका. मणका टीबीने पोखरलेला असेल तर एका झटक्यात तो दबून पाय लुळे पडू शकतात. वाळूच्या शेकाचा धोका वेगळा. संवेदना गेलेल्या पायाला चटका कळत नाही, आणि फोड दिसेपर्यंत कातडी आतपर्यंत भाजलेली असते. मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

लघवी अडकली, दोन पायांमधली जागा बधिर झाली किंवा दोन्ही पायांतला जोर गेला, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. पोचायचं तिथे एमआरआय आणि कण्याचे सर्जन दोन्ही आहेत का, हे निघतानाच विचारून घ्या. घाट चढून कोल्हापूर गाठायचं की गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज, हे त्यावर ठरवा.