लवकर सापडला म्हणजे वाचलाच?

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘शिबिरात सापडलेले कॅन्सरचे बहुतेक रुग्ण पाच वर्षांनीही जिवंत असतात, उशिरा दवाखान्यात आलेले नसतात. एवढं उघड असताना चिठ्ठ्या टाकून निम्म्यांनाच तपासायचे प्रयोग कशाला?’ खाली ‘फुल बॉडी’ पॅकेजचं पोस्टर.

मुळात ती पाच वर्षं मोजली कुठून? पुण्याच्या गाडीत एक जण सोलापूरला चढला, दुसरा कुर्डुवाडीला. उतरले एकाच फलाटावर, एकाच वेळी. पहिल्याचा प्रवास मोठा झाला, एवढंच. निदान दोन वर्षं आधी झालं, की मरणाची तारीख तीच राहूनही ‘जगलेली वर्षं’ दोनाने वाढतात.

शिबिरात हळू वाढणाऱ्या गाठीच जास्त हाती लागतात. काहींनी तर जन्मात त्रास दिला नसता. दक्षिण कोरियात 1993 ते 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरची निदानं पंधरा पट झाली, मृत्यू होते तेवढेच राहिले.

आणि शिबिराला येतं कोण? हजार विड्यांमागे मजुरी घेणारी बाई दिवस मोडून येत नाही. आलेल्या आणि न आलेल्या बायका मुळातच सारख्या नसतात, म्हणून चिठ्ठ्या. बोलावूनही न आलेलीला ‘बोलावलेल्यां’तच धरायचं, नाहीतर तोच घोळ मागच्या दाराने आत येतो.

असा प्रयोग आपल्या शेजारीच झालाय. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 पुंजके, चिठ्ठ्यांनी चार गटांत वाटलेले. चिठ्ठी बाईची नाही, गावांची. एकीला तपासून तिच्या जावेला परत पाठवणं कोणाला जमेल? 2009 मध्ये निकाल आला. एकदाच एचपीव्ही चाचणीला (या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या तपासणीला) बोलावलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 34 मृत्यू. नेहमीच्या सोयींवर सोडलेल्या, जरा लहानच गटात 64. पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि व्हिनेगर लावून केलेली तपासणी, या दोन गटांत मात्र मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. कॅन्सर तिथेही सापडत होतेच! मेसेजच्या हिशेबाने तिन्ही चाचण्या पास झाल्या असत्या.

तपासणी न मिळालेल्या बायकांचं काय, हा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण मेसेजवाल्याला त्याची फिकीर दिसत नाही.

पोस्टरवर सीए-125 आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांना चिठ्ठ्यांनी वाटून हीच रक्तचाचणी वर्षानुवर्षं पारखली. अंडाशयाचे कॅन्सर लवकरच्या टप्प्यात जास्त सापडले, पण 2021 च्या निकालात त्याने होणारे मृत्यू कमी झालेले नव्हते. एचपीव्ही चाचणी पॅकेजच्या यादीत शोधली, नाही सापडली.