‘द डबल इव्हेंट’ सापडलेला नाही. फिरत असलेली क्लिप दुसऱ्याच चित्रणाची आहे

माझे थोरले बंधू निवृत्त शिक्षक आहेत आणि कोल्हापुरात दर शनिवारी शेजारपाजारच्या मुलांना जुने चित्रपट दाखवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिले, ‘आजच मुलांना दाखवले, फार रमली.’ त्या मजकुराचा सारांश असा : १९११ सालचा ‘द डबल इव्हेंट’ हा ऑस्ट्रेलियन मूकपट मेलबर्नमधील एका चर्चच्या तळघरात सापडला आहे, घोड्यांच्या शर्यतींतील लबाडी उघड करणारा हा जगातील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होता, म्हणूनच सरकार आणि रेस क्लब यांनी मिळून त्याच्या सर्व प्रती जाळल्या, आणि तो एका ऑस्ट्रेलियन लेखकाने लिहिलेल्या सत्यकथेवर आधारलेला आहे. सोबत मिनिटभराचीही नसलेली, रंग भरलेली एक क्लिप आहे. हाच मजकूर त्यानंतर आणखी तीन ठिकाणांहून माझ्याकडे आला. दादांसारख्या वाचणाऱ्या माणसाने त्यावर विश्वास ठेवला आणि तो वर्गाएवढ्या मुलांपर्यंत पोहोचला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी ती क्लिप, कारण नुकसान तिथेच झाले आहे. आगगाडी फलाटाला लागते, उंच टोप्या घातलेले पुरुष आणि छत्र्या घेतलेल्या स्त्रिया उतरतात, काही जण कॅमेऱ्याकडे टक लावून पाहतात आणि चित्रण संपते. त्यात नट नाही, प्रसंग नाही, कथेचा मागमूस नाही. कादंबरीवर बेतलेल्या चित्रपटातील हा तुकडा असेल, तर कादंबरी कुठे आहे, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडायला हवा होता. त्याहून स्पष्ट पुरावा त्या स्त्रियांच्या अंगावर आहे. त्यांच्या बाह्या खांद्यापासून कोपरापर्यंत उशीसारख्या फुगलेल्या आणि मनगटापाशी घट्ट आवळलेल्या आहेत. ही फॅशन १८९५-९६ च्या सुमाराची; १९११ पर्यंत ती केव्हाच मागे पडली होती आणि त्या वर्षीच्या स्त्रिया अरुंद, पायघोळ झगे आणि परातीएवढ्या रुंद हॅट घालून रेसला जात होत्या. क्लिपमध्ये रंग कोणी आणि कशाने भरले हे महत्त्वाचे नाही. बाह्यांचा आकार रंगाने बदलत नाही.

ही दृश्ये ३ नोव्हेंबर १८९६ रोजी मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर घेतलेली आहेत. त्या दिवशी मेलबर्न कप ‘न्यूहेवन’ नावाच्या घोड्याने जिंकला आणि फ्रान्समधील आद्य चित्रपटकार ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए याने सिडनीचे छायाचित्रकार हेन्री वॉल्टर बार्नेट यांच्या साहाय्याने शर्यतीचा तो दिवस लहान लहान फितींवर टिपला. ल्युमिएरची एक फीत जेमतेम पन्नास सेकंदांची असे, आणि या क्लिपची लांबीही तेवढीच आहे. हा सेस्तिए मराठी वाचकाला परका नाही. त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पैसे घेऊन हलती चित्रे दाखवणारा माणूस तोच. आपल्याकडच्या लेखांत त्याचे नाव बहुतेक वेळा ‘मॉरिस’ असे चुकीचे छापले जाते. मुंबईतील खेळ आटोपून तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि चार महिन्यांच्या आत फ्लेमिंग्टनच्या फलाटावर कॅमेरा लावून उभा राहिला. काळा घोड्याजवळची वॉटसनची लोखंडी सांगाड्याची इमारत जीर्णावस्थेत का होईना, अजून उभी आहे. म्हणजे दादांच्या खोलीत बसलेल्या मुलांना मुंबईशी थेट धागा असलेले, सव्वाशेहून अधिक वर्षे टिकून राहिलेले एक अस्सल चित्रण पाहायला मिळाले आणि त्याचे खरे नाव मात्र कोणी त्यांना सांगितले नाही. या फॉरवर्डने हरवलेला चित्रपट परत आणला नाही. जो हाती होता त्याचीही ओळख पुसून टाकली. मला चीड येते ती याची.

आता प्रती जाळल्याच्या आरोपाकडे वळू. या आरोपात एक अर्धसत्य दडलेले आहे आणि ते मान्य करणे मला भाग आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या पोलिसांनी १९१२ साली चित्रपटांच्या एका संपूर्ण प्रकारावर खरोखरच बंदी घातली होती. मात्र ती बुशरेंजरांच्या, म्हणजे रानात दबा धरून वाटमारी करणाऱ्या दरोडेखोरांच्या, चित्रपटांवर होती. त्यांत पोलिसांची फजिती आणि लुटारूंचा गौरव होतो, तरुण बिघडतात, ही तक्रार त्यामागे होती. शर्यतींच्या चित्रपटांशी त्या बंदीचा संबंध नव्हता. उलट १९११ मध्येच आल्फ्रेड रोल्फ यांनी ‘द कप विनर’ या कथापटात त्या वर्षीच्या मेलबर्न कपचे प्रत्यक्ष चित्रण घातले आणि शर्यत झाली त्याच संध्याकाळी तो पडद्यावर आणला. शर्यत आणि चित्रपट हे एकमेकांचे गिऱ्हाईक वाढवणारे धंदे होते. रेसवाल्यांना पडद्याची एवढी धास्ती असती, तर कपच्या दिवशी कॅमेऱ्याला रेसकोर्सवर पाऊल टाकू दिले असते का?

‘द डबल इव्हेंट’ हा अमाल्गमेटेड पिक्चर्स या कंपनीचा चित्रपट. त्याचे दिग्दर्शक डब्ल्यू. जे. लिंकन यांनी त्याच वर्षी ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ आणि ‘इट इज नेव्हर टू लेट टू मेंड’ हेही चित्रपट केले. पहिला खुनाच्या तपासाचा, दुसऱ्यात तुरुंगातील छळाची कहाणी. शर्यतीशी दोहोंचा संबंध नाही. तरीही दोन्ही हरवले. त्या एका वर्षात ऑस्ट्रेलियात पन्नासच्या आसपास कथापट तयार झाले आणि त्यांतले बहुतेक सगळे आज नाहीत. अँड्र्यू पाइक आणि रॉस कूपर यांचा १९०० ते १९७७ या काळातील ऑस्ट्रेलियन कथापटांची क्रमवार नोंद देणारा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. ज्याला शंका असेल त्याने त्यातील १९११ ची पाने शांतपणे चाळावीत. दरोडेखोर, खाणकामगार, जॉकी, अशा नाना विषयांवरचे चित्रपट तिथे ओळीने येतात आणि त्यांतले पाहायला मिळणारे किती, हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील. एका चित्रपटाविरुद्ध कट रचला असे समजले, तर हे बाकीचे सगळे कोणी संपवले याचे उत्तर द्यावे लागेल.

उत्तर साधे आहे आणि ते फिल्मच्या द्रव्यात आहे. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्याच पोटात असतो. ती पेटली नाही तरी सुटका नसते : बंद डब्यात आधी आंबूस उग्र वास सुटतो, मग चित्र फिकट होते, वेढे एकमेकांना काकवीसारखे चिकटतात आणि शेवटी तळाशी तपकिरी भुकटी उरते. मुळात प्रती थोड्या. त्या गावोगाव फिरून झिजत, धंदा संपला की अडगळीत जात किंवा चांदी काढून घेण्यासाठी विकल्या जात. अमाल्गमेटेड ही कंपनीसुद्धा १९१३ पर्यंत मोठ्या वितरण-संघात विलीन झाली आणि जुनी रिळे जपण्यात कोणाचे हित उरले नाही. बोलपट आल्यावर तर ती निव्वळ भंगार ठरली.

‘जगातील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट’ हा दावा चुकीच्या चित्रपटाला चिकटवलेला आहे. तो मान ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचा. २६ डिसेंबर १९०६ रोजी मेलबर्नच्या अथेनियम हॉलमध्ये दाखवलेला तो चित्रपट तासाभराहून अधिक चाले आणि युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिठेव्यांत त्याची नोंद केली. मूळ मजकूर लिहिणाऱ्याची गफलत कुठे झाली असावी हेही दिसते : ‘केली गँग’मागचे टेट बंधू, मिलार्ड जॉन्सन आणि विल्यम गिब्सन हीच मंडळी पुढे अमाल्गमेटेडमध्ये होती. माणसे तीच, पण चित्रपट वेगळा आणि मध्ये पाच वर्षांचे अंतर.

लेखकाबद्दल थोडक्यात. नॅट गुल्ड हे मँचेस्टरचे इंग्रज. ते १८८४ साली ऑस्ट्रेलियात आले, वृत्तपत्रांतून शर्यतींवर लिहू लागले आणि १८९५ मध्ये मायदेशी परतले. ‘द डबल इव्हेंट’ ही त्यांची पहिली कादंबरी सिडनीच्या ‘रेफरी’ या पत्रात वेगळ्या नावाने क्रमशः आली आणि १८९१ साली पुस्तकरूपाने निघाली. पुढे त्यांनी अशा शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. ‘डबल’ म्हणजे दोन शर्यतींवर मिळून लावलेली एकच पैज. दोन्ही घोडे आले तरच पैसे मिळतात. रेसच्या जगातला हा रोजचा शब्द आहे, त्यात कोणाच्या लबाडीचे गुपित नाही. कादंबरीतला रेसकोर्स लेखकाने डोळ्यांनी पाहिलेला आहे, कथा मात्र रचलेली आहे.

तळघरातल्या शोधाविषयी एवढेच म्हणतो की अशा गोष्टी घडतात. ‘केली गँग’चा मोठा तुकडा २००६ साली ब्रिटनमध्ये मिळाला. म्हणूनच ‘सापडला’ ही खोटी बातमी घातक आहे, कारण सापडलेल्या गोष्टीसाठी कोणी माळे धुंडाळत नाही. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला जुन्या घराच्या माळ्यावर उग्र वासाचा, गंजलेला पत्र्याचा चपटा डबा आढळला, तर तो ओढाताण करून उघडू नये, प्रोजेक्टरवर चढवू नये, विस्तवापासून दूर ठेवावा आणि कॅनबेरा येथील राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाला कळवावे.

हे सगळे मी दादांना आधी फोनवर सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी त्या घोड्याचे नाव पुन्हा विचारून घेतले. या शनिवारी तीच क्लिप ते पुन्हा लावणार आहेत. फळ्यावर ‘फ्लेमिंग्टन, १८९६’ असे लिहून बाह्यांपाशी चित्र थांबवायचे, असे त्यांनी ठरवले आहे.