मांजर धूर चाटतं

डॉक्टरांनी माझ्या मांजरीला, बिट्टीला, टेबलावर घेतलं, तिच्या मानेमागच्या केसांत नाक घातलं आणि विचारलं, "घरात सिगरेट कोण ओढतं?"

मी ओढत होते. पण घरात नाही, बाल्कनीत. तसं मी लगेच सांगितलं, जरा ठसक्यातच. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले होते. दार लोटलेलं, बिट्टी आत सोफ्यावर, धूर बाहेर. माझ्यापुरता विषय मिटला होता.

काही महिन्यांपासून ती अधूनमधून जमिनीलगत बसून, मान पुढे ताणून खोकायची. मला वाटायचं, केसांचा गोळा काढायला बघतेय. गोळा कधीच पडला नाही, तरी मला शंका आली नाही. तो दमा निघाला. धुरानेच झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही, कारण मांजराला दमा इतर कारणांनीही होतो. पण जिच्या श्वासनलिका आधीच सुजल्यात तिला धुराचा त्रास वाढणार, यात वाद नव्हता.

त्या दिवशी जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही. मांजर धूर नुसता हुंगत नाही, चाटून पोटात घेतं. धूर दिसेनासा झाला की संपला असं आपण धरून चालतो. पण त्यातलं निकोटीन आणि इतर विषारी द्रव्यं सोफ्यावर, पडद्यांवर, आपल्या कपड्यांवर, बोटांवर बसून राहतात. बाल्कनीतून आत आले की बिट्टी मांडीवर उडी घ्यायची. त्याच बोटांनी मी तिची पाठ खाजवायचे. मग ती कोपऱ्यात जाऊन अंग चाटत बसायची, सगळी पाठ, सगळे पंजे, सावकाश. मी ते कौतुकाने बघायचे. किती स्वच्छ राहते, म्हणायचे.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा २००२ सालचा अभ्यास मी नंतर शोधून वाचला. सिगरेट ओढणाऱ्यांच्या घरातल्या मांजरांमध्ये लिम्फोमा या कर्करोगाचा धोका सुमारे २.४ पट आढळला, आणि पाच किंवा जास्त वर्षं अशा घरात राहिलेल्या मांजरांमध्ये ३.२ पट. बिट्टी माझ्याकडे नऊ वर्षं आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कुत्र्यांचं गणित वेगळं, तिथे नाकाच्या लांबीवर बरंच अवलंबून असतं. कोलोरॅडोतल्या १९९८ च्या अभ्यासात लांब नाकाच्या कुत्र्यांमध्ये, घरात धूर असेल तर, नाकाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट दिसला. लांब नाकात बरेचसे कण तिथेच अडकतात म्हणून, असं मानतात. पक्ष्यांची फुप्फुसं तर इतकी नाजूक की पिंजरा असलेल्या खोलीत सिगरेट पेटवूच नये.

"मग मी वेप घेतो, ती तर नुसती वाफ," असं माझा नवरा म्हणाला होता. हे वाक्य आता मला अजिबात ऐकवत नाही. वेपची, म्हणजे ई-सिगरेटची, ती नुसती वाफ नाही. तिच्यात बहुतेक वेळा निकोटीन असतं, तेही खाली बसतंच. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉलही असतं. ते पोटात गेलं की मांजराच्या तांबड्या रक्तपेशींना इजा होते, म्हणून अमेरिकेत १९९६ पासून मांजरांच्या खाद्यात त्याला बंदी आहे. आणि सगळ्यात घातक ती रिफिलची छोटी बाटली. गोड वास, मऊ प्लास्टिक. कुत्र्याचं पिल्लू ती चावणारच. थोड्याशा द्रवातही एवढं निकोटीन असू शकतं की पिल्लाच्या जिवावर बेतावं. लाळ गळणं, उलट्या, थरथर, झटके, हे सगळं तासाभराच्या आत सुरू होऊ शकतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, उलटी करवू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट डॉक्टरांकडे पळा. कुंडीत खुपसलेली थोटकंही तितक्याच गांभीर्याने घ्या, ओढून झाल्यावरही त्यांत निकोटीन उरतं. सिगरेट सोडायला आणलेले पॅच आणि निकोटीनचं च्युइंगम हेसुद्धा कपाटातच. मी पहिल्या आठवड्यात वापरलेला पॅच उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मला खरा राग याचा येतो की आपण यांना घरातलं माणूस म्हणतो. घरात तान्हं बाळ असेल तर पाहुणा न सांगता बाहेर जाऊन ओढतो, हात धुऊन आत येतो. मांजर-कुत्र्यासाठी हे कोणी करत नाही. आणि बाळ निदान सोफा चाटत बसत नाही.

जे आज सोडू शकत नाहीत त्यांना मी बोल लावणार नाही, मला किती जड गेलं ते माहीत आहे. पण तोवर ओढताना वेगळा शर्ट घाला, आत आल्यावर तो बदला, हात-तोंड साबणाने धुवा आणि मगच मांजर-कुत्र्याला उचला. गाडीत ते असताना तर नकोच. याने धोका कमी होतो, जात नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधनातही मालकाने सिगरेटी कमी केल्यावर मांजराच्या केसांतलं निकोटीन घटलं, पण धूर नसलेल्या घरातल्या मांजरांपेक्षा ते जास्तच राहिलं.

मला सोडून सात महिने झाले. सोफ्याची कव्हरं आणि पडदे धुतले, गालिचा काढूनच टाकला. बिट्टीला सकाळ-संध्याकाळ छोट्या मास्कमधून इनहेलर द्यावा लागतो. पहिले काही दिवस ओरबाडायची, आता मास्क दिसला की स्वतः येऊन बसते.

पुढच्या वेळी लसीसाठी जाल तेव्हा घरात कोण काय ओढतं ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी.