क्रूझचा रिबेट कसा मिळवावा आणि जहाजावरच कसा सोडून यावा

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येणार आहेत, नायगारा मागच्या खेपेला झाला आहे, तेव्हा यंदा मायामीहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ, इथवर तुमचं ठरलं आहे. जहाज ठरलं, बाल्कनी ठरली. अशा वेळी सामान्य माणूस कंपनीच्या साइटवर जातो, कार्डाचा नंबर टाकतो आणि झोपतो. तुम्ही तसं करायचं नाही. ज्या घरात वर कोथिंबिरीच्या चार काड्या पडल्याशिवाय भाजीची पिशवी कधी मिटली नाही, त्या घरातल्या माणसाने क्रूझ कंपनीला छापील भाव द्यायचा म्हणजे कुळाला बट्टा.

आधी ही कोथिंबीर येते कुठून ते समजून घ्या, म्हणजे मागताना आवाजात जोर येतो. क्रूझ कंपनी ट्रॅव्हल एजन्सीला कमिशन देते, साधारण १० ते १६ टक्के. एजन्सीची उलाढाल जितकी मोठी तितका टक्का वर सरकतो. तुम्ही कंपनीकडून थेट घ्या की एजन्सीकडून, भाव सहसा तोच. थेट घेतलंत तर ते कमिशन कंपनीकडेच राहतं, म्हणून तुम्ही तिच्याकडे यावं यासाठी एजन्सी आपल्या वाट्यातला तुकडा तुम्हाला मोडून देते, तोच रिबेट. गोष्ट इतकी साधी आहे. ती साधी राहू द्यायची नाही, हे तुमचं काम.

त्यासाठी पहिली युक्ती म्हणजे टक्के नेहमी एकूण रकमेवर काढणे. समजा दोघांच्या केबिनचे एकूण २,४०० डॉलर झाले आणि एजंट म्हणाला, ‘८ टक्के परत देतो.’ तुम्ही लगेच १९२ डॉलर मनात जमा करा आणि बायकोलाही सांगून टाका. प्रत्यक्षात त्या २,४०० मधले समजा ३२० कर आणि बंदराचे शुल्क असतात, त्यावर कमिशन नाही. आणखी ४८० ‘नॉन-कमिशनेबल फेअर’ असतं, धंद्यातली माणसं त्याला एनसीएफ म्हणतात. दिसायला ते भाडंच, पण त्यावरही कमिशन नाही. उरले १,६००. त्यांचे ८ टक्के १२८. जुलै २०२४ पासून कंपन्या जाहिरातीतला भाव कर धरून दाखवू लागल्या हे बरं झालं, पण त्या एका आकड्याच्या पोटात एनसीएफ किती हे त्यावरून कळत नाही. ‘८ टक्के नेमके कशाचे? डॉलरमध्ये किती?’ हे दोन प्रश्न विचारले की सगळा उलगडा होतो. म्हणून ते विचारू नका. १९२ आणि १२८ मधले ६४ डॉलर पुढे भांडणासाठी लागतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढा चांगला रिबेट मिळतो तर एजन्सी दारावर पाटी का लावत नाही? कारण लावता येत नाही. आपल्यापेक्षा कमी भाव जाहिरातीत छापायला बड्या क्रूझ कंपन्यांची एजन्सींना मनाई असते. भाजीवालीने ‘कोथिंबीर फुकट’ असा बोर्ड लावायचा नाही, पण तिने पिशवीत काय टाकलं हे कोणी बघायला येत नाही, तसाच हा मामला. म्हणून कुठे ‘भावासाठी फोन करा’ असं लिहिलेलं असतं, कुठे गिफ्ट कार्ड मिळतं, आणि सगळ्यांत जास्त वेळा मिळतं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच्या तुमच्या खात्यात आगाऊ जमा झालेले डॉलर.

कोट मागवणे ही या साधनेची दुसरी पायरी. किमान सात एजन्सींना लिहा. मजकूर मोघम ठेवा: ‘बाल्कनी, जुलै, चार जण, बेस्ट प्राइस प्लीज.’ म्हणजे एक जण केबिनच्या नंबरासकट भाव देईल. दुसरा ‘गॅरंटी’ केबिनचा देईल, म्हणजे बाल्कनी नक्की, पण कुठली ते कंपनी ठरवणार, आणि पहाटे तीनपर्यंत वरच्या डेकवर खुर्च्या सरकवल्याचा आवाज ऐकत तुम्हाला ते कळणार. तिसरा परत न मिळणाऱ्या डिपॉझिटचा भाव देईल, चौथा ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टीप, धरून, पाचवा न धरता. हे पाचही आकडे एका एक्सेलमध्ये एकाखाली एक मांडा आणि सगळ्यांत लहान आकड्याला हिरवा रंग द्या. चुकूनही जहाज, तारीख, केबिनच्या कॅटेगरीचा कोड, डिपॉझिटचा प्रकार, राहतं राज्य आणि प्रत्येकाचं वय लिहून सातही जणांना एकच पत्र पाठवू नका. त्याने तुलना सोपी होते. शिवाय काही सेलिंगवर, म्हणजे ठरावीक तारखेच्या फेरीवर, ५५ वर्षांपुढच्यांना किंवा एखाद्या राज्याच्या रहिवाशांना वेगळा दर लागतो, तो तुमच्या आई-बाबांना लागला तर सगळा रिबेट फिका पडायचा.

सातांपैकी तिघांना ‘तूर्त होल्ड करून ठेवा’ असंही सांगून ठेवा. एकाच सेलिंगवर एकाच नावाची तीन बुकिंगं दिसली की कंपनी त्यातली जादाची उडवू शकते. कोणती उडेल यात थोडी गंमत असते.

महाराष्ट्र मंडळात ‘आपला’ एजंट असतोच. मागच्या वर्षी तो आयुर्विमा विकत होता, त्याच्या आदल्या वर्षी घरं. त्याच्या कमिशनमधला वाटा त्याची होस्ट एजन्सी, म्हणजे ज्या मोठ्या एजन्सीच्या नावाखाली तो धंदा करतो ती, कापून घेते, त्यामुळे उरलेल्यातून तुम्हाला द्यायला त्याच्याकडे फारसं काही नसतं. पण त्याच्याकडे मागायला जीभही रेटत नाही आणि नाव चुकीचं टाकलं तर रागावताही येत नाही, म्हणून नातं टिकतं. त्याचा भाव मात्र जरूर विचारा आणि मग दुसरीकडून घ्या. गणपतीच्या आरतीला तो तुमच्या शेजारीच उभा असणार आहे.

आठ-दहा कुटुंबं मिळून जायचं ठरलं तर मग पर्वणीच. अनेक कंपन्यांच्या ग्रुप करारात १६ प्रवाशांमागे एका माणसाचं मूळ भाडं माफ होतं, म्हणजे दोघा-दोघांच्या ८ केबिन भरल्या की एक बर्थ सुटतो. कर त्यालाही भरावे लागतात. केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाची, म्हणजे मुलांची, गणती यात सहसा होत नाही. आता त्या एका भाड्याचं काय करायचं? ते ८ केबिनमध्ये सारखं वाटता येतं, आणि पहिल्याच दिवशी ग्रुपवर तसं लिहून टाकलं तर विषयच संपतो. तसं करू नका. आयोजकाने ते गुपचूप स्वतःकडे ठेवावं, आणि बातमी तिसऱ्या दिवशी मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर, शक्यतो भर उन्हात, कोणाच्या तरी बायकोच्या तोंडून फुटावी. त्याशिवाय ग्रुप क्रूझ झाल्यासारखी वाटत नाही.

कॉस्टको या घाऊक दुकानाच्या सभासदांची जात निराळी. कॉस्टको ट्रॅव्हलकडून क्रूझ घेतली की प्रवास झाल्यावर त्याच दुकानात चालणारं डिजिटल शॉप कार्ड येतं, आणि जास्त वर्गणीचे एक्झिक्युटिव्ह सभासद असाल तर वर्षाच्या रिवॉर्डमध्ये २ टक्के आणखी पडतात. आकडा बुकिंग करतानाच समोर दिसतो, त्यात घासाघीस नाही, फोन नाही, एक्सेल नाही. अर्थात यात मजाही नाही, म्हणून आपण त्यावर जास्त वेळ घालवायला नको.

शेअरवाल्यांवर मात्र वेळ घालवू. कार्निव्हल कॉर्पोरेशन या क्रूझ कंपनीचे १०० शेअर बाळगले तर ६ दिवसांपर्यंतच्या प्रवासाला ५० डॉलर, ७ ते १३ दिवसांना १०० आणि १४ किंवा जास्त दिवसांना २५० डॉलरचं क्रेडिट एका केबिनला मिळतं. शेअर असल्याचा पुरावा निघायच्या आधी पाठवावा लागतो. हे पैसे रोख मिळत नाहीत, कॅसिनोत चालत नाहीत आणि ग्रॅच्युइटीलाही चालत नाहीत. दरवर्षी जाणाऱ्या माणसाकडे ते शेअर आधीच असतील तर ठीक. तुम्ही मात्र खास या १०० डॉलरसाठी ते घ्या. २०२० च्या जानेवारीत हा शेअर ५० डॉलरच्या आसपास होता, म्हणजे शंभराचे ५,०००. एप्रिलच्या सुरुवातीला तो १० च्या खाली होता, डिव्हिडंड थांबला होता, आणि जहाजंही बंद असल्यामुळे क्रेडिट वापरायची सोय उरली नव्हती. शंभर डॉलरच्या कूपनसाठी चार हजारांचा खड्डा पाडणाऱ्याला आपल्याकडे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात. तिथे निदान कोंबडी तरी हाती लागते.

बुकिंग झालं की क्रेडिट कोणी दिलं ते बघू नका. कंपनीची एखादी ऑफर चालू असते आणि प्रत्येक केबिनला ५० डॉलर तसेही मिळणार असतात. एजंट ते स्वतःच्या ताटातून वाढल्यासारखे वाढतो. ‘एकूण १७८ डॉलर क्रेडिट!’ त्यातले कंपनीचे किती, एजन्सीचे किती, माणशी की केबिनमागे, न वापरलेलं परत मिळणारं की नाही, हे सगळं लेखी मागितलं तर एका ईमेलचं काम आहे. तो ईमेल जहाजात चढल्यावर पाठवायचा. जहाजावरचं इंटरनेट वेगळं विकत घ्यावं लागतं, हे ध्यानात असू द्या.

मधल्या काळात भाव उतरतात. फायनल पेमेंट कंपनीप्रमाणे आणि प्रवासाच्या लांबीप्रमाणे निघायच्या साधारण ७५ ते १२० दिवस आधी असतं, आणि तोवर उतरलेला भाव बऱ्याचदा लावून घेता येतो. पण एजन्सीकडून घेतलेल्या बुकिंगला हात एजन्सीच लावू शकते. कंपनीला फोन केलात तर पलीकडची बाई अतिशय गोड आवाजात सांगते की आपल्या एजंटशी संपर्क साधा. एजंट स्वतःहून भाव बघेल अशी श्रद्धा ठेवा. भाडं उतरलं की त्याचं कमिशन उतरतं, हा विचार मनात आणणं हे श्रद्धेला मारक आहे. भाव लावून घेतल्यावर तुमचं क्रेडिटही नव्याने मोजलं जातं, जुनी ऑफर संपली असेल तर ती निघून जाते, आणि भाड्यात वाचलेले ६० डॉलर क्रेडिटमधून गेलेल्या १०० डॉलरला जाऊन मिळतात. काही एजन्सी बुकिंग बदलायला किंवा रद्द करायला कंपनीच्या दंडावर स्वतःचं शुल्क लावतात. ते अटींमध्ये लिहिलेलं असतं, अटी वाचायची आपल्यात पद्धत नाही.

थेट कंपनीकडे बुकिंग करून ते नंतर एजन्सीकडे वळवण्याचा मार्गही असतो, पण ठरावीक दिवसांतच आणि पूर्ण पैसे भरायच्या आधी. तुम्ही तो पूर्ण पैसे भरल्यावर आठवा. आणि कार्डावर पैसे कोणाच्या नावाने कापले गेले, क्रूझ कंपनीच्या की एजन्सीच्या, हे तर पाहूच नका. एजन्सीला कुलूप लागलं तर ज्यांचे पैसे थेट कंपनीकडे गेले ते जहाजात चढतात. बाकीचे बँकेला पत्र लिहितात.

एवढं करून जहाजावर पोचलात की खात्यात १७८ डॉलर दिसतील. आता खरी कसोटी. ग्रॅच्युइटी माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, म्हणजे दोघांचे सात दिवसांचे सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी. ज्या क्रेडिटला ग्रॅच्युइटी चालते ते तिथेच मुरू दिलं तर एकही वस्तू न घेता सगळं क्रेडिट सत्कारणी लागतं. हा उपाय कंटाळवाणा आहे, विसरा. इंटरनेट, सहली, पेयांची पॅकेजेस निघायच्या आधी ऑनलाइन घेतली तर बऱ्याचदा स्वस्त पडतात, पण एजन्सीचं क्रेडिट अनेक कंपन्यांत जहाजावर चढल्याशिवाय वापरता येत नाही. म्हणून थांबा, चढा आणि तेच पॅकेज महाग भावात ‘फुकट’ घ्या. मॉकटेलवर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं. बाबा लिंबूसरबत म्हणून त्याचा एक घोट घेतील आणि बर्फ फार आहे म्हणून ठेवून देतील.

फोटो काढणारा आला की हसा. स्पामध्ये मसाज संपल्यावर पाठीला कोणतं तेल लागतं याचं व्याख्यान ऐका. स्पेशॅलिटी रेस्टॉरंटमध्ये चौघांचं टेबल घ्या आणि चौघांपैकी दोघे शाकाहारी आहेत हे स्टेक समोर आल्यावर सांगा. सहाव्या दिवशी मधल्या चौकात सोन्याच्या मुलाम्याच्या साखळ्या इंचावर मोजून विकतात, तिथे आईंना नेऊ नका. ज्यांचं आयुष्य लक्ष्मी रोडवर गेलं आहे त्या ‘कॅरेट किती?’ एवढंच विचारतील आणि विक्रेत्याचा दिवस खराब होईल.

शेवटच्या रात्री १८ डॉलर ६० सेंट उरतील, न परत मिळणारे. दुकान बंद व्हायच्या अर्धा तास आधी जा. रांगेत सगळी आपल्यासारखीच माणसं असतात, प्रत्येकाच्या हातात पंधरा ते पंचवीस डॉलरच्या मधली कुठलीतरी वस्तू. तुम्ही जहाजाच्या नावाची टोपी घ्या, २४ डॉलर ९९ सेंटची. वरचे ६ डॉलर ३९ सेंट कार्डावर जातील. बाबांनी किंमत विचारली तर ‘फुकट’ म्हणायचं, आणि पावती त्याआधी खिशात घालायची.