दिवसभर वाकून केलेली खुरपणी म्हणजे योग नव्हे

"शेतात वाकून राबणाऱ्यांना कंबरदुखी कधीच होत नाही, तो खुर्चीत बसणाऱ्यांचा रोग आहे" असा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. खुरपणी हा फुकटचा योग, उकिडवं बसून तोडणी केली की गुडघे मजबूत होतात, पायाला मुंग्या आल्या तरी उठू नका कारण तेव्हा 'नसा मोकळ्या होतात', लांब दांड्याची अवजारं आळशांसाठी, आणि फारच दुखलं तर कंबरपट्टा बांधा, असे त्यातले मुद्दे. माझ्या मावशीचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या भाजीच्या रानात गेलंय. मेसेज वाचून ती म्हणाली, "म्हणजे माझंच अंग कुचकामी म्हणायचं." हे ऐकल्यावर गप्प बसवेना.

शेतमजुरांना कंबरदुखी होत नाही हे धादांत खोटं आहे. शेतकाम करणाऱ्यांच्या दुखण्यांत कंबर कायम वरच्या क्रमांकावर असते. मेसेजमध्ये सत्तरीतल्या एका आजोबांचा दाखला आहे. पण रानात दिसतात ते टिकलेले लोक. ज्यांची कंबर गेली ते घरी बसलेत, त्यांना कोण मोजणार?

योगात माणूस वाकतो, थोडा थांबतो, मग उलट बाजूला ताण देतो. खुरपणीत तासन्‌तास एकाच बाजूला वाकायचं. कंबरेतून पूर्ण वाकलं की पाठीचे स्नायू जवळजवळ काम सोडून देतात आणि भार जातो मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर आणि मधल्या गाद्यांवर. अस्थिबंध जुन्या इलॅस्टिकसारखे सैल पडत जातात आणि सरळ उभं राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. म्हणून संध्याकाळी भरलेला क्रेट उचलताना कंबर धरते. दोष क्रेटला दिला जातो, नुकसान मात्र आधीच्या चार तासांत झालेलं असतं.

खुर्चीत बसूनही पाठ दुखते, मान्य. वाकणं मुळात वाईट नाही, हेही मान्य. पण त्यावरून दिवसभर वाकलेलं राहणं औषध ठरत नाही.

सगळ्यात संताप आला तो मुंग्यांच्या सल्ल्याचा. पावलाला वर उचलणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडाला अगदी चिकटून जाते. बराच वेळ उकिडवं बसलं की ती दाबली जाते. आधी मुंग्या, मग बधिरपणा, आणि दाब सुरूच राहिला तर पंजा वर उचलता येत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांमध्ये हा प्रकार असा ठळक दिसला की वैद्यकात तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मुंग्या आल्या की उठायचं, पाय सरळ करायचा, चार पावलं चालायचं. पंजा उचलेनासा झाला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. गुडघ्यांबद्दल एवढंच, की वर्षानुवर्षं उकिडवं बसून काम करणाऱ्यांत गुडघ्यांच्या झिजेचा धोका वाढतो.

आता लांब दांडा. हा वाद कॅलिफोर्नियात कोर्टात लढला गेलाय. तिथे लेट्यूस आणि शुगर बीटच्या शेतांत मजुरांना अगदी आखूड दांड्याची कुदळी दिली जायची. लांब दांड्याने रोपं दुखावतील, विरळणी नीट होणार नाही, हे मालकांचं म्हणणं. पाठीचं कायमचं नुकसान होतं, हे डॉक्टरांचं. सरकारी सुरक्षा विभाग म्हणत होता की अवजार मोडकं नाही, मग धोकादायक कसं? 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ फेटाळला: नेहमीसारखं वापरूनच इजा होत असेल तर ते अवजार असुरक्षितच. त्याच वर्षी त्यावर बंदी आली. 2004 मध्ये काही अपवाद ठेवून वाकून हाताने तण काढण्यावरही बंधन आलं. लेट्यूस पिकायचं थांबलं नाही.

आखूड दांडा मुकादमांना का आवडायचा, तेही ऐका. सरळ उभा दिसला तो काम करत नाही, हे लांबूनच कळायचं. मेसेजमधला 'आळशी' नेमका याच नजरेतून आलाय. कंबर सरळ करायला दोन मिनिटं उभ्या राहिलेल्या बाईला लाज वाटावी, अशी ही भाषा आहे.

दाट रोपांत हाताशिवाय इलाज नसतो, हे खरं. तिथे तासाला काही मिनिटं उभं राहू द्या, खुरपणी आणि उभ्याने करायची कामं आलटून पालटून द्या, क्रेट काठोकाठ भरू नका.

कंबरपट्ट्याचं उत्तर जुनं आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने 1994 मध्येच सांगितलं की इजा न झालेल्या कामगाराला पट्टा इजेपासून वाचवतो याला पुरावा नाही. पट्ट्याचे पैसे वाचवा आणि हातकोळप्याला असा दांडा बसवून मागा, की ताठ उभं राहिलं तरी पातं जमिनीला टेकेल.