कोकणातील खाड्या म्हणजे सामुद्रधुन्या नव्हेत

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या कोकणातील विद्यार्थ्यांमध्ये एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरत आहे. त्यातील विधाने थोडक्यात अशी: कोकणातील खाड्या म्हणजेच सामुद्रधुन्या, देवबागची चिंचोळी जमीन आणि अलिबागहून कुलाबा किल्ल्याकडे जाणारी वाट या कोकणातील संयोगभूमी (दोन मोठ्या भूभागांना जोडणाऱ्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या), आणि सुएझ व पनामा या मानवनिर्मित सामुद्रधुन्या. मुले हे पाठ करून परीक्षेला बसणार आहेत, म्हणून प्रत्येक विधानाचा समाचार घेणे आवश्यक आहे.

सामुद्रधुनी म्हणजे दोन समुद्रांना किंवा मोठ्या जलाशयांना जोडणारी पाण्याची अरुंद पट्टी. बॉस्पोरसची रुंदी सर्वांत अरुंद जागी 700 मीटरच्या आसपास आहे, पण ती काळा समुद्र आणि मार्माराचा समुद्र यांना जोडते, म्हणून ती सामुद्रधुनी ठरते. पाणी अरुंद आहे एवढ्याने ते नाव मिळत नाही. दाभोळची खाडी घ्या. तिच्या मुखातून आत निघाले, की भरतीचे पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पोहोचते. वाटेत काठची कांदळवने विरळ होत जातात, पाण्याचा खारेपणा उतरतो आणि शेवटी उरते ती सह्याद्रीतून उतरलेली वाशिष्ठी. दुसऱ्या टोकाला समुद्र नाहीच. सावित्रीची बाणकोट खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, वाघोटणची विजयदुर्ग खाडी, सगळ्यांचे तेच: नदीच्या खोऱ्यात समुद्र शिरला आणि खाडी झाली.

संदेशाच्या बाजूने ठाण्याच्या खाडीचा दाखला दिला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि ठाण्याजवळ तिचा एक अरुंद फाटा ठाणे खाडीला जोडलेला आहे. त्यामुळेच साष्टी हे बेट ठरते. तरीही हा सारा उल्हासच्या मुखाचाच विस्तार मानला जातो, आणि या एका अपवादासारख्या उदाहरणावरून सबंध किनाऱ्याला सामुद्रधुनीचे नाव लावणे कोणत्याही अर्थाने योग्य नाही.

देवबागबाबतची चूक मला अधिक खटकते, कारण ती जागेवर जाऊन सहज तपासता येते. तारकर्लीहून दक्षिणेकडे निघाले, की उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्लीची खाडी आणि मधल्या पट्टीत माड, घरे व रस्ता असे दृश्य दिसते. हा पट्टा संगमाशी संपतो. समोर भोगव्याचा किनारा दिसतो, पण तिथून तिकडे जायला होडीच लागते. संयोगभूमी दोन मोठ्या भूभागांना जोडते, जशी पनामाची संयोगभूमी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडते. देवबाग एकाच बाजूने जमिनीला जोडलेले आहे, म्हणून त्याला वाळूचा दांडा म्हणणे उचित.

कुलाब्याची वाट तर ओहोटीला उघडी पडते आणि भरतीला पाण्याखाली जाते. पर्यटक ओहोटीत चालत किंवा घोडागाडीने किल्ल्यात जातात, हे खरे; पण भरतीच्या वेळी बेट होणाऱ्या जागेला संयोगभूमीने जोडलेली म्हणता येणार नाही.

सुएझचा कालवा 1869 मध्ये सुएझच्या संयोगभूमीवर खोदला जाऊन खुला झाला. त्यात जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाजे वर-खाली नेणारे दरवाजांचे कप्पे, नाहीत आणि समुद्राचेच पाणी खेळते, म्हणून गैरसमज समजण्यासारखा आहे. मात्र सामुद्रधुनी निसर्गनिर्मित असते, खोदलेला जलमार्ग हा कालवाच. पनामाबाबत तेवढीही सबब नाही. 1914 मध्ये खुल्या झालेल्या त्या कालव्यात जलपाशांच्या साह्याने जहाजे सुमारे 26 मीटर वर चढवून गाटून या गोड्या पाण्याच्या सरोवरात नेली जातात आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा खाली उतरवली जातात. हे सरोवर पावसावर भरते. 2023 मध्ये पाऊस कमी पडल्याने त्याची पातळी घटली आणि दररोज सोडल्या जाणाऱ्या जहाजांची संख्या कमी करावी लागली. पाऊस कमी झाला म्हणून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर अशी वेळ कधी येत नाही.